पाचशे रुपयांचं अंडं

माझी नात शॅरन हिचं पुण्यात लग्न झालं, ते साल २०२३. मे महिना होता. लग्नाच्या फोटोत सगळे नवरा-नवरीकडे बघतायत आणि मी एकटा वर पंख्याकडे बघतोय, कारण माझा मुलगा नॅथन याने मला त्या उन्हाळ्यात कोट घातला होता. लग्न उरकून मी बेलापूरला परत आलो, कुलूप काढलं, अंधारात पाऊल आत टाकलं आणि नडगीला सोफा लागला. या गोष्टीत जे काही घडलं ते त्या सोफ्यापासून.

आमचं घर दोन खोल्यांचं. माझी बायको मरिया गेल्यापासून त्यात मी एकटा. पण तुम्ही आत आला असता तर तुम्हाला वाटलं असतं की इथे मोठं कुटुंब राहतं आणि ते सगळं आत्ताच कुठे बाहेर गेलंय. सोफा होता. भिंतभर टीव्ही होता. मागे रेललं की पाय आपोआप वर येतात अशी एक खुर्ची होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, फळांचा रस काढायचं होतं, आणि तळपाय दाबून देणारं एक होतं, जे चालू केलं की शेजारच्या रंगुबाईंच्या मांडणीवरची भांडी वाजत.

हे सगळं मी हौसेने घेतलं असं लोक म्हणतात. ते खरं नाही. एकट्या माणसाच्या दारात विकणारा येतो, बूट काढून आत बसतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, "अंकल, तब्येत कशी आहे?" आता हे विचारणारा तो त्या आठवड्यातला पहिलाच माणूस असेल, तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं बरं दिसत नाही. मी चहा टाकायचो. तो गुडघ्याबद्दल विचारायचा, नॅथनबद्दल विचारायचा, मरियाच्या फोटोकडे बघून "आंटी का?" म्हणायचा. तास-दीड तास कसा जायचा कळायचं नाही. उठताना तो एक कागद पुढे करायचा. मी सही करायचो. सही करायला मला आवडतं. उभा जन्म अंगठा लावला, पन्नाशीनंतर मरियाच्या साक्षरता वर्गात बसून सही शिकलो. ती कुठे करायची नसते हे मात्र त्या वर्गात शिकवलं नव्हतं.

पुढे या सगळ्यांचे हप्ते एकत्र भरता यावेत म्हणून श्रीरामपूरच्या एका पतसंस्थेतून वैयक्तिक कर्ज काढलं. त्याला जामीनदार भागवत.

भागवत आणि मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकत्र नोकरी केली. उसाची गाडी काट्यावर घ्यायची मी, पावती फाडायची त्याने. निवृत्त झाल्यावर रोज दिवेलागणीला तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. बोलायचो फार थोडं. रस्त्याने जाणाऱ्याबद्दल तो एक वाक्य बोलायचा, मी एक बोलायचो, आणि ती दोन्ही चांगली नसायची. त्याच्या घरी मुलगा, सून, नातवंडं, पण तिथे टीव्ही पहिल्यापासूनच होता, त्यामुळे त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

जुलैत मला पतसंस्थेची नोटीस आली. मी ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. 'थकबाकीदार' हा शब्द मी एका दमात वाचला, कुठेही न अडखळता, आणि मरिया ऐकायला हवी होती असं वाटलं. त्या आनंदात, थकबाकीदार म्हणजे मीच, हे ध्यानात यायला जरा वेळ गेला.

तेवढ्यात फाटकाशी भागवत उभा. त्याच्या हातात तसाच कागद. आत आला नाही.

"याकोबा, ह्ये काय हाय?"

"नोटीस हाय. मला बी आली."

"तुला येनारच. तू पैसं घेतलं. मला का आली? मी निस्ती सही केली हुती."

"आरं, जामीनदार म्हंजी..."

"मला शिकवू नको. सूनबाईनं वाचून दावलं. पुढच्या आळीला ऐकू जाईल आसं वाचून दावलं." त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली, पुन्हा काढली. "चाळीस वर्सं काट्यावर बसलो. लाखो टन ऊस माझ्या हाताखालून ग्येला. एका शेतकऱ्यानं बोट दाखवलं न्हाई. आन आता म्हनं माझ्या पेन्शनीवर जप्ती. तुझ्या त्या पाय दाबायच्या डब्यापायी!"

तो गेला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आला नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेला, माझ्या बाजूला छत्री आडवी धरून. पाऊस नव्हता. पुढे कित्येक दिवस मी ती छत्री बघितली. भागवत दिसला नाही, छत्री मात्र वेळेवर जायची.

मला झोप लागेना. पतसंस्थेची भीती नव्हती. पतसंस्था काय करणार, टीव्ही नेणार, नेऊ दे. पण माझ्यामुळे भागवतच्या पेन्शनीला हात लागला तर ती छत्री मरेपर्यंत तशीच राहणार, हे मला कळत होतं.

शॅरनला फोनवर सांगितलं. ती फोनमध्ये तोंड दाखवून बोलते, त्यामुळे मला आधी केस विंचरावे लागतात.

"आजोबा, तुम्ही मिनिमलिझम करा," ती म्हणाली.

"त्ये कुठं मिळतं?"

"मिळत नाही हो, करायचं असतं. कमीत कमी वस्तूंत राहायचं. नवीन काही घ्यायचं नाही, नको ते विकायचं, आणि आलेल्या पैशांतून कर्ज फेडायचं. आम्ही दोघं तेच करतोय. साधा नियम आहे, वर्षभरात ज्याला कुणी हात लावला नाही ते घरात ठेवायचं नाही."

मी घरभर नजर फिरवली. त्या नियमाने सगळ्यात आधी मलाच बाहेर काढावं लागलं असतं. पण पोरगी मनापासून बोलत होती. मी म्हणालो, करतो.

सुरुवात सोफ्यापासून केली. एका टपरीवाल्याने तो मागितला, भावही ठरला. उचलून दाराशी नेला तर बाहेर निघेना. आडवा केला, उभा केला, पाय काढले, तरी नाही. गल्ली जमली. प्रत्येकाने एकदा डोकं तिरकं करून दार मोजलं. एक जण म्हणाला, भिंत पाडा. दुसरा म्हणाला, दार विका, सोफा ठेवा. रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवो याकोबभाऊ, आत आला तवा कसा आला?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये अशी माझी इच्छा होती. सोफा आत आला तेव्हा दाराला लोखंडी जाळी नव्हती. जाळीवाला नंतर आला. त्यानेही तब्येत विचारली होती.

टपरीवाला निघून गेला. पण गावाला विषय मिळाला. याकोबने घर विकायला काढलं, असं सकाळी ऐकू आलं. दुपारी त्याचं झालं, याकोब नगरला वृद्धाश्रमात चाललाय. संध्याकाळी रंगुबाई वाटीभर पिठलं घेऊन आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "डाक्टरनं किती दिवस सांगितलेत?"

"कशाचे?"

"आवो, लपवू नका. जानारा मानूसच आसं वाटून टाकतो."

मी त्यांना मिनिमलिझम समजावून सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की आजार इंग्रजी आहे आणि त्याच्यावर औषध नाही.

त्यानंतर माझ्या घरात वस्तू यायला लागल्या. कुणी चादर आणून दिली, कुणी उशी. चर्चच्या तरुण संघाने किराण्याची पिशवी, प्लास्टिकची खुर्ची आणि गादी आणली, मला त्या गादीवर बसवून फोटो काढला, आणि "गरजूंना एक हात" असं लिहून तो सगळ्या फोनांवर पाठवला. त्या फोटोत माझ्या मागे भिंतभर टीव्ही आहे. आधी घरात चालायला सोफ्याला वळसा घालावा लागायचा, आता गादीला घालून मग सोफ्याला घालावा लागायचा. मी नको नको म्हणत होतो, आणि जितकं नको म्हणावं तितकं लोक म्हणायचे, बघा, किती स्वाभिमानी माणूस.

रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत "आपले संकटात सापडलेले बंधू याकोब" यांच्यासाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी उघडे ठेवले, तर पुढच्या बाकावरच्या दोघी एका डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. माझा शर्ट इस्त्रीचा होता याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

त्याच प्रार्थनेत मला उपाय सुचला. कापणीचा सण जवळ आला होता. आमच्यात कापणीच्या सणाला प्रत्येक जण आपल्या घरचं काहीतरी देवापुढे आणून ठेवतो. ज्वारी, लसूण, कोंबडा, शेवग्याच्या शेंगा, काहीही. उपासना झाली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो. आणि तिथे कुणी बाजारभावाने बोलत नाही. देवाचं काम म्हणून बोलतात. मागच्या साली एक भोपळा इतक्याला गेला होता की तेवढ्यात भोपळ्याचा वेल, वावर आणि विहिरीची मोटर आली असती. मला वाटलं, जिथे भोपळ्याला हा भाव, तिथे टीव्हीला काय मिळेल!

मी पाळकसाहेबांकडे गेलो. सलाम केला. म्हणालो, माझ्या वस्तू लिलावात ठेवू द्या, दशांश चर्चला, बाकीचे माझ्या कर्जाला.

"याकोबभाऊ, असं कधी झालेलं नाही," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण नको म्हणण्यासारखंही त्यात काही नाही."

सणाच्या दिवशी मी टेम्पो केला. सोफा निघणार नव्हता, म्हणून तो सोडून बाकीचं सगळं नेलं. चर्चच्या पायरीवर ज्वारीची कणसं, त्याच्या शेजारी टीव्ही, त्याच्या शेजारी दोन कोंबड्या आणि मध्ये ती पाय वर करणारी खुर्ची. परगावचे पाहुणे फोटो काढत होते. फाटकाबाहेर नेहमीप्रमाणे बघ्यांची गर्दी होती आणि त्या गर्दीत मला एक मिटलेली छत्री दिसली.

आता मी काय केलं ते सांगतो. लिलावाची पहिली वस्तू एक अंडं होतं. दरवर्षी पहिली वस्तू लहानच ठेवतात. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की पहिली बोली आम्ही बोलायची. माझा बाप बोलायचा, त्याच्या पश्चात मी. लिलाव पुकारणाऱ्याने अंडं वर धरलं आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मग त्यांना आठवलं की मी संकटात सापडलेला बंधू आहे, आणि सगळ्यांनी एकदम, मायेने, दुसरीकडे बघितलं.

ते दुसरीकडे बघणं मला सहन झालं नाही.

"पाचशे!" मी ओरडलो.

"एक वार, दोन वार..." पुकारणाराही घाबरला असावा. त्याने तीन वार घाईने म्हटलं. अंडं माझ्या हातात आलं.

पुढचं सगळं त्या अंड्याच्या तेजाने घडलं. ज्याच्या घरात कर्ज, तो माणूस देवाला पाचशे देतो, तर आपण काय द्यावं! टीव्हीची बोली चढत गेली. खुर्चीची चढली. रस काढायचं यंत्र दुकानातल्या भावापेक्षा वर गेलं. माझा ऊर भरून आला. आणि मग टीव्ही घेणारे गुरुजी पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही वस्तू मी बंधू याकोब यांना परत अर्पण करतो."

टाळ्या पडल्या. लिलावात घेतलेली वस्तू पुन्हा अर्पण करायची रीत आमच्याकडे आहेच. चांगली रीत आहे. खुर्ची घेणाऱ्यानेही तेच केलं. त्याच्यापुढच्यांना मग दुसरं काही करायची सोय उरली नाही. आणि पैसे? खजिनदाराने ते रीतीप्रमाणे घेतले, रीतीप्रमाणे चर्चच्या खात्यात पावत्या फाडल्या आणि पेटीला कुलूप घातलं. दशांशाचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. टाळ्या चालू होत्या. अशा वेळी कोणता माणूस म्हणेल, की थांबा, त्यातले माझे द्या?

मी टेम्पोपाशी आलो. नेलेलं सगळं परत चढवलं. टेम्पोचं भाडं डोक्यावर, अंड्याचे पाचशे उधार, आणि हातात अंडं. तेवढ्यात गर्दीतून छत्री वाट काढत आली.

"आरं ये याकोबा!" भागवतचा आवाज काट्यावर दोन गाड्यांपलीकडे जायचा, तो अजून तसाच होता. "माझ्या जामिनावर अंडी घेतो व्हय रं? पाचशेचं एक? त्यातून काय मोर निघनार हाय का?"

"आरं, रीत हाय आमची..."

"रीत! आन माझी पेन्शन काय, तुझ्या कोंबडीचा खुराडा हाय?"

तो बराच वेळ ओरडत होता. सगळं आवार ऐकत होतं. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता आणि मी मान खाली घालून उभा होतो, पण खरं सांगायचं तर मान वर करायची चोरी होती, कारण मला हसू येत होतं. चार महिन्यांनी तो माझ्याशी बोलत होता.

"चढ टेम्पोत," शेवटी तो म्हणाला. "तुला इकता येत न्हाई. तुला निस्तं घेता येतं. आता मी इकतो."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दिवेलागणीच्या आधीच यायचा आणि ओट्यावर बसायचा. आधी त्याने जाळी कापून घेतली आणि सोफा काढला. मग टीव्ही बेलापूरच्याच एका हॉटेलवाल्याला दिला. गिऱ्हाईक आलं की मला आत पाठवायचा, कारण मी गिऱ्हाइकाची तब्येत विचारायचो आणि भाव उतरायचा. एकदा एक विकणारा नव्या गादीचा नमुना घेऊन आला. त्याने "अंकल" एवढंच म्हटलं. भागवतने छत्री उघडली. तो विकणारा पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

लोकांनी आणून दिलेल्या चादरी आणि गादी आम्ही ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, नेऊन दिल्या. घर रिकामं होत गेलं. बोललं की भिंतीवरून आवाज परत यायचा. शॅरनला फोनमधून घर दाखवलं तर ती म्हणाली, "आजोबा, किती छान दिसतंय!" तिला छान दिसलं. मला ते मरियाला शेवटचं बाहेर काढलं त्या दिवशीच्या घरासारखं दिसत होतं. पण ओट्यावर भागवत होता.

जानेवारीपर्यंत सगळं गेलं. राहिली फक्त ती पाय वर करणारी खुर्ची. तेवढी विकली की कर्ज पुरं फिटत होतं. पण खुर्चीला गिऱ्हाईक मिळेना. भागवत रोज सांगायचा, "भाव येत न्हाई. दम धर." मी दम धरला. फेब्रुवारी गेला. मार्च उजाडला.

एक दिवस पाणी भरताना रंगुबाई म्हणाल्या, "याकोबभाऊ, यवढं काय हो त्या खुर्चीत? माझा जावई दोनदा मागून ग्येला. रोख द्यायला तयार हाय. भागवतभाऊंनी सांगितलं, इकायची न्हाई."

मी हंडा खाली ठेवला.

त्या संध्याकाळी भागवत आला. मी चहा केला. आम्ही ओट्यावर बसलो. समोरून एक जण नवी मोटारसायकल घेऊन गेला. भागवत म्हणाला, "कर्जाची दिसती." मी म्हणालो, "जामीनदाराकडं चाललाय." मग थोड्या वेळाने मी विचारलं, "खुर्चीचं काय?"

"भाव येत न्हाई," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

आणखी पंधरवडा आम्ही तसाच काढला. मग मार्चअखेर आली, पतसंस्थेचा पुन्हा फोन आला, आणि तो त्याच्या सुनेने उचलला. दुसऱ्या दिवशी खुर्ची रंगुबाईंच्या जावयाकडे गेली.

पैसे घेऊन मी एकटाच पतसंस्थेत गेलो. तिथले रविकांत साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "जामीनदार कुठे आहेत?"

"कर्ज घेताना आनले हुते की."

"बेबाकीच्या दाखल्यावरही त्यांची सही लागते. समक्ष."

"साहेब, पैसे बुडवायचे आसतील तर जामीनदार समजतो. फेडायला बी?"

"नियम आहे, बाबा."

पुढच्या खेपेला दोघं गेलो. तेव्हा रविकांत साहेब जेवायला गेले होते. आले तेव्हा दाखला छापायचं यंत्र बंद होतं. यंत्र चालू झालं तेव्हा शिक्का सापडेना; तो ज्या कपाटात होता त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. भागवत दिवसभर बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसला होता आणि एकदाही चिडला नाही. मलाच आश्चर्य वाटलं. बाहेर आम्ही भेळ खाल्ली. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. मी तो तिथेच मोठ्याने वाचला. भागवत म्हणाला, "आता घरी चल आन सूनबाईला आसाच वाचून दाव."

मी वाचून दाखवला. पुढच्या आळीला ऐकू जाईल असा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो. विकायला काही राहिलं नव्हतं. राखायला काही राहिलं नव्हतं. मी भागवतच्या घराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होतो. अंधार पडायला लागला. लाइट लागले. मग तो आला, रस्त्याच्या अलीकडच्या कडेने. फाटकाशी थांबला.

"काय इकायचं राह्यलंय?" त्याने विचारलं.

"कायबी न्हाई."

"मग सरक की तिकडं," तो म्हणाला आणि बसला.

तो उन्हाळाभर आला, पावसाळ्यात आला, दिवाळी झाली तरी येत राहिला. नाताळात माझ्याकडच्या करंज्या खाऊन मरियाच्या हातच्या बऱ्या होत्या म्हणाला. माझा मित्र भागवत १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी दुपारी, त्याच्या राहत्या घरी वारला.